बाईकचे कार्ब्युरेटर कारच्या इंजिनावर: मॅनिफोल्ड घरी बनवताना

चार सिलिंडरच्या बाईकवरचा कार्ब्युरेटरचा संच कारवर चढवला की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्ब मिळतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडताच इंजिन उचल खातं. पण कार्ब आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यातून मिश्रण सिलिंडरमध्ये जातं) एकमेकांसाठी बनलेले नसतात. मधला मॅनिफोल्ड, म्हणजे दोघांना जोडणारा नळ्यांचा संच, आपल्यालाच बनवावा लागतो. गाडी आयडलिंगला डुलायला लागली, मधूनच फटफट करायला लागली, की बहुतेक जण जेट (कार्बमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसतात. दोष बहुधा जेटमध्ये नसतोच. फ्लँज (मॅनिफोल्डची हेडला बसणारी पट्टी) वाकलेली असते, रबर हवा ओढत असतं किंवा कार्ब चुकीच्या कोनात बसलेले असतात.

हेड आणि कार्ब

हेडला चार सुटी इनलेट पोर्ट (मिश्रण आत जायची तोंडं) हवीत. जुन्या मिनीच्या ए-सिरीज इंजिनात चार सिलिंडरांना मिळून दोनच इनलेट पोर्ट आहेत. तिथे चार कार्बचा संच चालत नाही, दोनच लावावे लागतात.

1300 सीसीपर्यंत 36 मिमीचे कार्ब पुरतात. 1600 ते 2000 सीसीला 38 ते 40 मिमी घ्या. 1998 ते 2001 च्या यामाहा आर-1 वरचे 40 मिमीचे मिकुनी कार्ब या कामात बरेच वापरले जातात, कारण त्यांना थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो आणि पुढे मॅप होणारं, म्हणजे संगणकावरून टायमिंग ठरवता येणारं इग्निशन लावायचं असेल तर तो उपयोगी पडतो. संच घेताना चारही कार्ब एकत्र जोडलेलेच घ्या आणि बाईकच्या हेडवरचे, कार्ब ज्यात बसतात ते रबरी बूट त्यासोबत मागून घ्या. कार्बमधली वरखाली होणारी पिस्टन स्लाइड बोटाने वर उचलून सोडा. ती सावकाश, एकसारखी खाली यायला हवी. धप्पकन पडली तर तिचा डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटलेला आहे असं समजा.

जुना मॅनिफोल्ड काढण्याआधी त्याला काय काय जोडलंय ते लिहून ठेवा. बऱ्याच इंजिनांत कूलंटची वाट मॅनिफोल्डमधूनच जाते. ते तोंड नुसतं पट्टी मारून बंद केलं तर हीटर गार पडतो किंवा थर्मोस्टॅटजवळचं पाणी फिरत नाही, म्हणून त्या पाण्याला बाहेरून होजने वाट करून द्यावी लागते. ब्रेक सर्वोची (व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या भागाची) नळी, क्रँककेसचा ब्रीदर आणि डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी यांचीही सोय आधीच ठरवा.

मापं

खरं काम इथेच आहे. पोर्टची मध्यं आणि कार्बची मध्यं सहसा जुळत नाहीत. दोन्ही संच मधल्या रेषेपासून मोजा, कडेपासून नाही. समजा पोर्ट मधल्या रेषेपासून 55 आणि 145 मिमीवर आहेत, कार्ब 46 आणि 126 मिमीवर. मग आतल्या नळ्यांना 9 मिमी आणि बाहेरच्यांना 19 मिमी आडवं सरकावं लागेल.

नळी हेडपासून कार्बपर्यंत सरळ तिरकी नेली तर टोकाला रबर वाकडं बसतं आणि एका कडेने हवा ओढतं. म्हणून शेवटचे 30 मिमी कार्बच्या अक्षाला समांतर ठेवा. एकूण लांबी 120 मिमी धरली तर तिरक्या भागाला 90 मिमी उरतात. बाहेरच्या नळीचा कोन साधारण 12 अंश येतो, आतल्यांचा 6 अंशाच्या जरा आत. नळी त्या कोनाच्या निम्म्याने, म्हणजे 6 आणि 3 अंशांनी कापायची आणि एक तुकडा 180 अंश फिरवून जोडायचा. पूर्ण कोन आपोआप मिळतो. तिरक्या भागाची लांबी बाहेर 92 मिमी, आत 90.4 मिमी. दीड मिलिमीटरच्या या फरकाने काही बिघडत नाही, त्यामुळे चारही नळ्यांची लांबी नेमकी सारखी करायला दोन दिवस घालवू नका.

सरकवायचं अंतर 30 मिमीच्या पुढे जात असेल तर संच मधोमध सोडून दोन जोड्या लांब करण्याचा मोह होतो. त्यात पेट्रोलची टी-नळी, तिच्या ओ-रिंग आणि थ्रॉटलचा जोड सगळंच नव्याने करावं लागतं. शक्यतो नळ्याच वाकवा.

उभा कोन आडव्याहून महत्त्वाचा. फ्लोट बाऊल बाईकवर ज्या कोनात होता, त्याच्या दोन-तीन अंशांत इथेही राहायला हवा. नाहीतर फ्लोट चुकीच्या पातळीला पेट्रोल अडवणारी सुई बंद करतो. एक तर पेट्रोल ओसंडतं, नाहीतर वळणावर कार्ब कोरडा पडतो. संच बाईकवर असतानाच बाऊलच्या कडेला कोनमापक लावून आकडा घ्या. इंजिन कारमध्ये तिरकं बसलं असेल तर मोजमाप गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन माउंटवर असतानाच घ्या. स्टँडवरच्या इंजिनावर घेतलेला कोन फसवतो. बॉनेट आणि बाजूच्या पत्र्यापासून 25 मिमी मोकळी जागा ठेवा, कारण इंजिन झटका खातं. ट्रम्पेटच्या (कार्बच्या तोंडावरच्या कर्णासारख्या नळीच्या) तोंडापासून फिल्टरच्या पत्र्यापर्यंत किमान 40 मिमी हवेत.

फ्लँज आणि वेल्डिंग

ॲल्युमिनियमची फ्लँज 10 ते 12 मिमी जाडीची घ्या आणि नळी 3 मिमी भिंतीची. टिग वेल्डिंग जमत नसेल तर 8 मिमीची माइल्ड स्टीलची पट्टी आणि 2 मिमीची नळी घ्या. वजन वाढेल, पण काम सोपं होतं. एकाच बाजूला इनलेट आणि एक्झॉस्ट असलेल्या हेडवर काही स्टड (हेडमध्ये बसवलेले बोल्ट) दोघांमध्ये वाटलेले असतात. तिथे फ्लँजची जाडी एक्झॉस्टच्या फ्लँजएवढीच ठेवा, नाहीतर जाड वॉशर तिरका बसतो आणि जाड बाजूवरच दाब पडतो, पातळ बाजू सैल राहते.

नवं गॅस्केट पट्टीवर चिकटवून पंचाने खुणा करा. स्टडची भोकं अर्धा मिमी मोठी ठेवा, पोर्टची हॉलसॉने पाडून कानशीने गॅस्केटच्या कडेला आणा. मग वेल्डिंगआधीची एक तपासणी, जी हमखास राहते: नळ्या जागेवर उभ्या करून प्रत्येक स्टडवर नट आणि रिंग पाना चढवून पाहा. नट बसतो, पण पाना फिरायला जागा नसते, असं फार वेळा होतं. नळी जोडण्याआधी ती दोन मिमी सरकवता येते, जोडल्यावर काहीच करता येत नाही.

कार्ब जागेवर धरायला एक जिग करा: कार्बच्या मध्यांच्या अंतरावर चार भोकं पाडलेली पट्टी. फ्लँज एखाद्या भंगार हेडला किंवा 20 मिमीच्या जाड प्लेटला सगळ्या बोल्टनी घट्ट करा. चांगल्या हेडवर वेल्डिंग करू नका. ॲल्युमिनियमची फ्लँज 100 अंशांच्या आसपास तापवून घ्या, नाहीतर जाड पट्टी उष्णता शोषते आणि नळी आधी वितळते. प्रत्येक नळीला तीन टाके, मग 1, 4, 2, 3 अशा क्रमाने थोडं-थोडं वेल्ड. एकच नळी एका दमात पूर्ण केली की फ्लँज केळ्यासारखी वाकते. गार झाल्याशिवाय बोल्ट सोडू नका.

सुटल्यावर सरळपट्टी आणि फीलर गेज लावा. 0.1 मिमीची पट्टी आत सरकली तर मशीनवर सपाट (फेस) करून घ्या. थोडा फरक असेल तर जाड काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासा. आतून बाहेर आलेलं वेल्ड ग्राइंड करा, पण भिंत आरशासारखी पॉलिश करण्याची गरज नाही. मॅनिफोल्डची तोंडं बंद करून 0.3 बार हवा सोडा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडा दिसला की तिथे सूक्ष्म छिद्र आहे. वरून सीलंट फासू नका, पुन्हा वेल्ड करा.

निपल, रबर आणि आधार

वेल्डिंगच्या वेळीच प्रत्येक नळीवर 6 मिमीचं निपल (बारीक नळी जोडायचं टोक) ठेवा. चारही निपलांवरून बारीक नळ्या एका छोट्या डबीत आणा आणि तिथून एकदिशा झडपेमार्गे ब्रेक सर्वोला. एकाच सिलिंडरचं व्हॅक्यूम झटक्यांनी येतं. चार एकत्र आली की ब्रेकला बऱ्यापैकी स्थिर ओढ मिळते. डिस्ट्रिब्युटरलाही याच डबीतून बारीक भोकाच्या रिस्ट्रिक्टरने नळी दिली तर ओढ थरथरत नाही, फक्त आयडलिंगलाही ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) येतो हे धरून टायमिंग पाहा.

बाईकचे मूळ बूट मिळाले तर त्यांच्या बोल्टचं माप घेऊन नळीच्या टोकाला छोटी प्लेट लावा. होज वापरायची असेल तर साधी सिलिकॉनची नको. पेट्रोलने ती फुगते आणि मऊ पडते. आतून पेट्रोल-रोधक अस्तर असलेली किंवा नायट्राइल रबराची घ्या. कार्बचा भार नुसत्या रबरावर सोडू नका. आधाराची पट्टी इंजिनाला बांधा. बॉडीला बांधली तर इंजिन हलताना कार्ब ताणले जातात आणि बूट फाटतात.

पेट्रोल आणि जुळणी

बाईकचे कार्ब टाकीतून उतरणाऱ्या पेट्रोलसाठी किंवा हलक्या दाबाच्या पंपासाठी असतात. 2 ते 3 पीएसआय पुरे. कारचा यांत्रिक पंप सहज 5 पीएसआय देतो, फ्लोटची सुई तग धरत नाही आणि पेट्रोल इंजिनाच्या गरम भागावर सांडतं. रेग्युलेटर लावाच. इलेक्ट्रिक पंप असेल तर अपघातात तो बंद करणारा स्विचही हवा. फ्लोट बाऊलच्या व्हेंट नळ्या फिल्टरच्या आत न्या. इंजिनबेमध्ये उघड्या सोडल्या तर पंख्याच्या आणि वेगाच्या वाऱ्याने दाब बदलतो आणि मिश्रण वेगाबरोबर डोलतं.

इंजिन गरम झाल्यावर चार व्हॅक्यूम गेज निपलांना लावा, डबीची नळी तात्पुरती काढून तिचं तोंड बंद करून. आधी 1-2 मधला स्क्रू, मग 3-4 मधला, शेवटी मधला. चारही काटे जुळले की मगच पायलट स्क्रूला (आयडलिंगचं मिश्रण ठरवणाऱ्या) हात लावा; पूर्ण बंद करून दोन ते अडीच फेऱ्या उघडणं ही चांगली सुरुवात.

कारच्या एका सिलिंडरला बाईकच्या सिलिंडरपेक्षा जास्त हवा लागते आणि मूळ एअरबॉक्सही आता नसतो, त्यामुळे मेन जेट जवळजवळ नेहमीच मोठा करावा लागतो. आधी मुद्दाम मोठा लावून श्रीमंत (जास्त पेट्रोलच्या) मिश्रणापासून खाली या. पूर्ण थ्रॉटलवर लीन (कमी पेट्रोलचं) मिश्रण पिस्टन वितळवतं. एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण पूर्ण थ्रॉटलला 12.5 ते 13, सावकाश चालीला 14 ते 14.7 आणि आयडलिंगला 13 ते 13.5 हवं. मधल्या थ्रॉटलला कमी-जास्त वाटलं तर जेट नको, स्लाइडच्या सुईखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घालून किंवा काढून पाहा.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण गार असताना फ्लँजचे नट पुन्हा आवळा. सगळ्यात आधी सैल होतात ते मधले नट, कारण त्यांच्यापर्यंत पाना नीट पोचत नाही.