'फ्लॅबरगास्ट' वापरायचं कसं?

आश्चर्याने तोंडातून शब्द फुटेनासा होतो, त्या अवस्थेचं हे इंग्रजी क्रियापद. किरकोळ नवलाला 'सरप्राइज' पुरतं. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दादरला चढून चौथी सीट मिळाली, तर 'सरप्राइज्ड'. खिडकी मिळाली, तर 'फ्लॅबरगास्टेड'. धक्का सुखद असो वा वाईट, दोन्हीकडे चालतं.

बहुतेकांची चूक होते ती कर्त्यापाशी. 'भाडं ऐकून मी थक्क झालो' असं आपण म्हणतो, म्हणजे कर्ता 'मी'. इंग्रजीत थक्क करणारी गोष्ट कर्ता असते आणि माणूस कर्म: 'द रेंट फ्लॅबरगास्टेड मी.' माणसापासून सुरुवात करायची तर 'वॉज' हवंच: 'आय वॉज फ्लॅबरगास्टेड बाय द रेंट.' नुसतं 'आय फ्लॅबरगास्टेड' म्हणून थांबलात, तर ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाला केलं थक्क? 'बाय'च्या जागी 'अ‍ॅट'ही येतं; पुढे क्रियापद असेल तर 'टू', जसं 'फ्लॅबरगास्टेड टू हिअर'. बोलण्यात हा 'वॉज'वालाच प्रकार जास्त ऐकू येतो, म्हणून आधी तो पक्का करा.

'व्हेरी फ्लॅबरगास्टेड' कानाला खटकतं, कारण 'खूप' हा अर्थ शब्दातच आहे. जोर हवाच असेल तर 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावा.

उच्चारात आघात पहिल्या 'फ्लॅ'वर. मूळ शब्द 'ट'वर संपतो, म्हणून भूतकाळात शेवटी 'इड' स्पष्ट ऐकू येतं: फ्लॅबरगास्टिड. याच सवयीने 'अस्टॉनिशेड' म्हणू नका. 'श'नंतर फक्त 'ट' उरतो: अस्टॉनिश्ट. 'अमेझ'चं मात्र अमेझ्ड.

व्युत्पत्ती निश्चित नाही. 'फ्लॅबी' म्हणजे थुलथुलीत आणि 'अगास्ट' म्हणजे हबकलेला, यांची ही सांगड असावी, असा एक अंदाज आहे. 'अस्टॉनिश'चं कूळ मात्र ठाऊक आहे: जुन्या फ्रेंचमार्गे ते लॅटिन 'टोनारे', म्हणजे गडगडणे, इथवर पोचतं, 'अस्टाउंड' आणि 'स्टन' त्याच घरातले. 'फ्लॅबरगास्ट' छापील स्वरूपात दिसतो तो 1772 साली, लंडनच्या 'अ‍ॅन्युअल रजिस्टर' या वार्षिकात, तोही 'बोअर्ड' म्हणजे कंटाळलेला, या शब्दासोबत, तेव्हाच्या नव्या फॅशनेबल शब्दांत.

तो बोलीतला ढंग अजून गेलेला नाही. मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ललित लेखात हा शब्द खुलतो. वॉर्ड ऑफिसला पाण्याच्या बिलाबद्दल इंग्रजीत तक्रार लिहिताना मात्र 'अस्टॉनिश्ड' लिहा, आणि लगेच बिलाची रक्कम.