मैदानाचं आरक्षण उठण्याआधी: रहिवाशांनी करायची कामं

मैदानाभोवती पत्रे लागले, जेसीबी आला की लोक जमतात. पण तोवर कागदावरचा निर्णय होऊन कितीतरी महिने गेलेले असतात. महाराष्ट्रातल्या शहरांत मोकळ्या जागा गाजावाजा न होता हातच्या जातात त्या मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधल्या दोन कलमांतून. आरक्षण म्हणजे शहराच्या विकास योजनेत (कोणती जागा कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या आराखड्यात) जागा मैदान, उद्यान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं. कलम 37 खाली आरक्षणात फेरबदल होतो आणि कलम 127 खाली आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. या दोन कलमांवर वर्षभर नजर ठेवणारे चार-पाच रहिवासी मोर्चापेक्षा जास्त जागा वाचवू शकतात.

आधी जागा ओळखा

सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन मिळते. त्या नंबरावर पालिकेच्या नगररचना विभागातून विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. मुंबईत त्यालाच डीपी रिमार्क म्हणतात. जागा नेमकी कशात मोडते ते यावरून कळतं: विकास योजनेतलं आरक्षण, मंजूर लेआउटमधली खुली जागा, की सरकारी किंवा गायरान जमीन. तिन्हींचं कार्यालय वेगळं आणि उपायही वेगळा. ‘आमचं मैदान वाचवा’ एवढंच लिहिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, कारण त्यात नंबरच नसतो.

जागेवर क्रिकेट चालतं म्हणून ती मैदान ठरत नाही, हेही याच टप्प्यावर कळलेलं बरं. कित्येक ‘मैदानं’ कागदावर निवासी विभागातले खाजगी भूखंड असतात. तिथे आरक्षण मागायची संधी विकास योजना नव्याने तयार होताना किंवा सुधारताना असते. त्या कामाची सुरुवात विद्यमान जमीन वापराच्या नकाशाने होते. तो हाती आला की आपल्या भागातली प्रत्येक मोकळी जागा त्यात बरोबर दाखवली आहे का ते ताडून पाहा. मुंबईच्या विकास योजनेच्या 2015 च्या मसुद्यात चुका एवढ्या निघाल्या आणि विरोध एवढा झाला की एप्रिलमध्ये तो दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला.

कलम 127: खरा धोका इथे

अंतिम विकास योजना लागू होऊन 10 वर्षं उलटली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना (जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस) देऊ शकतो. सूचना पोचल्यापासून 24 महिन्यांत पालिकेने जागा घेतली नाही किंवा संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण संपतं. इथे हरकती-सुनावणी नसते, त्यामुळे शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

‘पाऊल’ कशाला म्हणायचं, यावरच बहुतेक प्रकरणं हरली जातात. मुख्य सभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र पुरेसं धरलं जात नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलं की संपादनाला थेट नेणारी कृती हवी. व्यवहारात याचा अर्थ त्याच अधिनियमाच्या कलम 126 खालची, 2013 च्या भूसंपादन कायद्याला धरून निघालेली घोषणा. त्यामुळे नगरसेवकाने ‘ठराव करून घेतलाय, काळजी नको’ असं सांगितलं, तर काळजी तिथूनच सुरू करा.

या सूचना शोधायला माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, शुल्क 10 रुपये. ‘आरक्षण का गेलं’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, कागद द्यायला असतो. मजकूर असा ठेवा:

‘1 जानेवारी 2020 पासून आजपर्यंत कलम 127 अन्वये प्राप्त झालेल्या सर्व खरेदी सूचनांची यादी (सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा प्रकार, सूचना मिळाल्याचा दिनांक) आणि प्रत्येक सूचनेवरील कार्यवाहीच्या पत्रांच्या प्रती.’

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. हाच अर्ज दर सहा महिन्यांनी पुन्हा टाका. याशिवाय महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात अभिलेख पाहण्याची सोय 2018 च्या शासन निर्णयाने केलेली आहे. आधी फाइल पाहून मग नेमक्या पानांच्या प्रती मागितल्या की काम झपाट्याने होतं.

यादी मिळाली की तारखांचा हिशेब मांडा. सूचना 10 मार्च 2025 ला मिळाली असेल तर 10 मार्च 2027 ला मुदत संपते. मधल्या काळात मुख्य सभेची मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, संयुक्त मोजणी, पैसे जमा करणं आणि घोषणा एवढं सगळं बसवायचं असतं. पहिल्या सहा महिन्यांत प्रस्ताव पालिकेबाहेर पडला नाही तर पुढे गाडं अडतंच.

ते बहुधा पैशापाशी अडतं. मालकाला पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) किंवा जादा एफएसआय (भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) घ्यायचा पर्याय असतो, पण तो त्याच्या संमतीने. त्याने रोख मोबदला मागितला आणि अंदाजपत्रकात तरतूद नसली की फाइल थांबते. म्हणून भूसंपादनाच्या तरतुदीची लेखी मागणी अंदाजपत्रक तयार होत असताना, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, आयुक्तांकडे द्या. मालकाला खलनायक ठरवू नका. त्याची जमीन दशकभर अडकलेली असते. ‘त्याला योग्य मोबदला द्या आणि जागा घ्या’ ही मागणी न्याय्य आहे आणि न्यायालयातही तीच टिकते.

कलम 37: महिनाभराची खिडकी

आरक्षण बदलायचा प्रस्ताव राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, आणि हरकतींना सहसा एक महिना मिळतो. जाहिरात बारीक अक्षरात, निविदांच्या गर्दीत असते. रोज दोन स्थानिक दैनिकांतल्या जाहीर सूचना आणि शासन राजपत्राची आपल्या विभागाची पुरवणी चाळायचं काम एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणीच करत नाही. नव्या विकास योजनेच्या मसुद्यालाही हेच लागू आहे. तिथली मुदत आणि हरकत कोणाकडे द्यायची हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते शब्दन्शब्द वाचा. चुकीच्या कार्यालयात दिलेली हरकत मुदतीत पोचली असं धरलं जात नाही.

एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्स प्रती ही नेहमीची चूक. त्या एकत्र बांधून एकच हरकत म्हणून निकाली काढल्या जातात. वीस वेगवेगळ्या, आकडे असलेल्या हरकतींना जास्त वजन येतं. हरकतीत आरक्षण क्रमांक आणि सर्व्हे नंबर हवा, प्रस्तावित बदल जाहिरातीतल्याच शब्दांत हवा, आणि मग कारण. कारण असं लिहा: ‘या जागेपासून 500 मीटरच्या आत दुसरं क्रीडांगण नाही, नकाशा सोबत जोडला आहे.’ प्रभागाची लोकसंख्या आणि हातात असलेल्या मोकळ्या जागेचं क्षेत्र मांडून भागाकार करा. केंद्र सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. बहुतेक प्रभागांचा आकडा त्याच्या आसपासही नसतो, आणि तो लेखी उतरला की अधिकाऱ्याला त्याला उत्तर द्यावं लागतं. ‘आरक्षण कायम ठेवावे’ ही मागणी शेवटी स्वतंत्र ओळीत लिहा. पर्यायी जागेची मागणी करायची असेल तर वेगळ्या परिच्छेदात करा, नाहीतर तुम्ही बदलाला तयार आहात असा अर्थ काढला जातो.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीला प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. ए-3 आकाराचा एक नकाशा आणि लेखी म्हणणं घेऊन जा, भाषण नको. बेंगळुरूत उद्यानाची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बी. एस. मुद्दप्पा प्रकरणात रद्द ठरवलं. त्या निकालाची प्रत सोबत जोडा.

लेआउटमधली खुली जागा आणि ताब्यातली मैदानं

मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं वगळता राज्यभर लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा करमणुकीसाठी खुली ठेवावी लागते. बिल्डर सुधारित नकाशात ती नाल्याकाठी किंवा उच्चदाब तारांखाली सरकवतो. तेव्हा सोसायटीने मूळ मंजूर नकाशा आणि प्रत्येक सुधारित नकाशाची प्रत काढून शेजारी शेजारी ठेवावी. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या 2016 च्या कायद्याच्या) कलम 14 प्रमाणे मंजूर आराखड्यात असा बदल करायला दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. करारनाम्यात आधीच छापलेली सरसकट संमती दाखवली जाते. तिला लेखी हरकत घेऊन रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करा.

गायरान असेल तर तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्याने 12 जुलै 2011 ला अशा जमिनींबाबत शासन निर्णय काढला आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

पालिकेने ताबा घेतलेली जागाही सुरक्षित असतेच असं नाही. ताबा पावती होते, फेरफार राहून जातो, सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच राहतं आणि वारस ती जागा पुन्हा विकतात. आपल्या भागातल्या प्रत्येक उद्यानाचा ताजा सातबारा काढा. पालिकेचं नाव नसेल तर ताबा पावतीची प्रत जोडून मालमत्ता विभागाला फेरफार करून घ्यायला लेखी कळवा आणि हद्द कायम मोजणीची मागणी करा. मोजणीचा अर्ज पालिकेलाच करावा लागतो, रहिवाशांना तो करता येत नाही. हद्दीच्या खुणा लागल्या की त्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि कुंपण त्याच रेषेवर होतंय ना ते उभं राहून पाहा, कारण कुंपण फूटभर आत आलं की बाहेर राहिलेली पट्टी पुढे शेजारचा बांधकामवाला आपली म्हणून सांगतो.