मिशन ट्रिपचे शेवटचे तीन दिवस

पहिल्यांदाच परदेशी मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे सेवेला आणि सुवार्ता सांगायला, निघालेली मुलं विचारतात, तयारी काय करायची? व्हिसा, लसी, आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यायची, हे सगळं टीमचे पुढारी शिकवतातच. मी शेवटच्या तीन दिवसांबद्दल सांगते, कारण मी चुकले ती तिथेच.

आमची ट्रिप दोन आठवड्यांची होती. देशाचं नाव लिहीत नाही, तिथल्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, त्रास होऊ शकतो. तुम्हीही फोटो टाकण्याआधी तिथल्या पाळकांना विचारा. मुलांचे फोटो तर आईवडिलांच्या परवानगीशिवाय काढूच नका. शेवटच्या संध्याकाळी उपासना संपली आणि एका आजींनी माझा हात धरला. "परत कधी येणार, विचारतायत," दुभाषी म्हणाला. माझा गळा दाटून आला होता. "पुढच्या वर्षी नक्की," मी बोलून गेले. आजींनी पिशवीतून एक वही काढली आणि मला नाव लिहायला लावलं. वहीत आधीच पानंच्या पानं नावं होती, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, काही तर मला वाचताही न येणाऱ्या लिप्यांत. रोज सकाळी एकेका नावावर बोट ठेवून त्या प्रार्थना करतात, असं दुभाष्यानं सांगितलं.

मी पुढच्या वर्षी गेले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

निरोप घेताना शब्द देऊ नका. परत येण्याचा नको, कुणाच्या फीचा नको, प्रार्थनागृहाच्या छपराचाही नको. मदत करावीशी वाटली तर ती आपल्या मंडळीसमोर मांडा आणि तिथल्या पाळकांमार्फतच करा. एका घराला गुपचूप दिलेल्या पैशांनी शेजारच्या घरांत कुरबूर सुरू होते, आणि ती निस्तरायला आपण तिथे नसतो.

दुसरं, परतल्यावर आपल्या मंडळीला द्यायचा अहवाल. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालला पोहोचले. कृष्ण पाल या त्यांच्या पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं! मग दोन आठवड्यांत "इतके आत्मे जिंकले", म्हणजे इतके लोक विश्वासात आले, हा आकडा आपण कुठून आणायचा? आम्ही सभेत वर झालेले हात मोजले होते. नंतर दुभाष्याकडून कळलं, बरेचसे हात आजारासाठी प्रार्थना हवी म्हणून वर झाले होते. बायबलमधले प्रेषित पौल आणि बर्णबा अंत्युखियाला, त्यांना पाठवणाऱ्या मंडळीकडे, परतले तेव्हा त्यांनी मंडळी जमवून देवाने काय काय केलं ते सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १४). आम्ही काय केलं, हा त्यात विषयच नव्हता. मी अहवाल पुन्हा लिहिला. तो आधीच्यापेक्षा निम्मा झाला.

निघण्याआधी टीमनं एक दिवस मोकळा ठेवावा. काय खटकलं, कुणाशी बिनसलं, ते तिथेच बोलून, क्षमा मागून मोकळं व्हावं. आणि मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावर लगेच बंद करू नका; डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. पुढे काही महिन्यांनी जरी ताप आला, तरी कुठल्या देशात जाऊन आलात ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मी आजींना माफीचं पत्र पाठवलं, तेही दोन वर्षांनी. तुम्ही पहिल्याच महिन्यात पाठवा, दोन ओळी का असेनात. आजींचं उत्तर पाळकांनी लिहून घेतलं होतं. माझ्या येण्या-न येण्याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. नातवाची परीक्षा आहे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, असं लिहिलं होतं आणि खाली त्याचं नाव.