टागालोगमधे 'कुमुस्ता का?' ला काय म्हणायचं

टागालोग ही फिलिपिन्समधली भाषा. 'कुमुस्ता का?' म्हणजे कसा आहेस, यातला 'कुमुस्ता' स्पॅनिशमधून आलाय. पुस्तकी उत्तर 'माबूती नामान' म्हणजे बरा आहे, चुकीचं नाही पण मित्रांमधे 'ओके लांग' किंवा 'आयोस लांग' जास्त चालतं, आणि लगेच 'इकाव?' म्हणजे तू कसा, असं उलटं विचारायचं. समोर वयाने मोठं कोणी असेल तर 'पो' विसरू नका, 'माबूती नामान पो, कायो पो?', आपलं अहो-जाहो समजा.

'मागांदांग उमागा' म्हणजे शुभ सकाळ, त्याला 'मागांदांग उमागा रिन', मोठ्यांना पुढे 'पो' लावून.

खरी गंमत पुढे आहे. रस्त्यात कोणी 'साआन का पुपुंता?' म्हणजे कुठे चाललास विचारलं तर चौकशी नसते ती, पत्ता सांगत बसू नका, 'दियान लांग' म्हणा, अगदी आपलं 'इथंच जरा'. तसंच कोणी जेवता जेवता 'काइन तायो' म्हणजे चल जेवूया म्हणालं की लगेच ताटावर बसायचं नाही बरं का 😄 बऱ्याचदा ते नुसतं म्हणायचं असतं, हसून 'सिगे लांग, सालामात' म्हणजे चालू द्या, थँक्यू. अगदीच आग्रह केला तर 'बुसोग पा पो आको', पोट भरलेलं आहे अजून.