कोटीची गाडी घेताय? आधी तिला पांदण दाखवा

वरुडकडे आमच्या काकाजींची संत्र्याची बाग आहे. गेल्या पोळ्याच्या आठवड्यात कोटीच्या वरची एक दांडगी फोर बाय फोर टेस्ट ड्राइव्हसाठी थेट बागेवर आली. शोरूमचा मुलगा नागपूरहून घेऊन आला, मग स्टेअरिंगवर मी बसलो. बागेच्या फाटकाशी ब्रेक मारला. काकाजी खाली उतरले, दोन्ही खांबांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "थांब. आधी टेप आण."

तो टेप आदल्या दिवशीच लावायला हवा होता. माहितीपत्रकात छापलेली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून असते आणि तोच आकडा धरून माणूस निर्धास्त होतो. लँड रोव्हर डिफेंडर ११० चंच घ्या. आरसे मिटलेले असताना रुंदी २००८ मिलिमीटर, उघडल्यावर २१०५. आपल्याकडचं जुनं सात फुटी फाटक भरतं २१३४. दोन्ही बाजूंना मिळून उरले २९ मिलिमीटर. एकेका बाजूला करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट, तीही गाडी नाकासमोर आली तर. पांदणीतून, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरून, काटकोनात वळून आत शिरायचं असेल तर आरसे मिटूनही घाम फुटतो.

फाटकासारखंच वळणाचं. याच गाडीला पूर्ण वळायला सुमारे १२.८ मीटर लागतात, म्हणजे ४२ फूट. पांदणीच्या टोकाशी जिथे बंडी आणि ट्रॅक्टर आरामात फिरतात, तिथे ही गाडी दोन-तीनदा मागंपुढं करावी लागते. उंची साडेसहा फुटांच्या जवळ. आंबिया बहाराच्या फळांनी वाकलेल्या फांद्या, त्यांना लावलेले बांबूचे टेकू, जमिनीवरून गेलेल्या ठिबकच्या नळ्या, हे सगळं गाडी बोलावण्याआधी पायी फिरून पाहून ठेवा. नळ्या बाजूला करायला पाच मिनिटं लागतात; चेपल्या की पुढच्या पाळीला कोणत्या झाडाला पाणी पोचलं नाही ते शोधत बसावं लागतं.

शोरूमच्या रस्त्यावर समाधान मानू नका

शोरूमवाले रिंग रोडनं नेतात, फार तर समृद्धी महामार्गावर. १२० च्या वेगाला गाडी किती शांत पळते ते तिथे कळतं, पण या किमतीच्या सगळ्याच गाड्या तिथे छान पळतात. तुमचा पैसा ज्या कारणासाठी चालला आहे, ते कारण तुमच्या वावराच्या वाटेवर आहे. म्हणून अर्धा दिवस मागा, घरी बोलवा आणि आधीच सांगा की पांदणीत, धुऱ्याच्या कडेनं, चिखलात चालवणार आहे. सांगितलं नाही आणि पुढे खालची पत्री वाकली, तर वाद होतो. सही करण्याआधी कागद वाचा: नुकसान झालं तर विमा किती भरणार, तुमच्या खिशातून किती जाणार, डांबराबाहेर न्यायला परवानगी आहे का. किल्ली हातात घेण्याआधी गाडीभोवती फिरून चारही बाजूंचे आणि चारही रिमचे फोटो काढा.

काळी माती फोर बाय फोरला ओळखत नाही

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी कुठूनही निघेल, असा समज असतो. आपली कापसाची काळी जमीन ओली झाली की फुगते आणि चिकटते. टायरच्या नक्षीत ती अशी गच्च बसते, की दहा-वीस फुटांत टायर गुळगुळीत होतो. मग इंजिनची ताकद कितीही असो, गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरतो. त्यात गाडीचं वजन दोन टनांच्या वर. शोरूमच्या गाडीला बहुधा रस्त्याचे टायर असतात, २० इंची रिमवर बसवलेले, म्हणून चिखलाचा निकाल लावताना आधी टायर पाहा. ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारे टायर घालून मिळतील का, लहान रिम बसते का, हे विचारा. टायरची बाजू जितकी बुटकी तितका गोट्यांच्या रस्त्यावर रिमला मार जास्त.

आमचं मागचं डावं चाक ओलिताच्या दांडाजवळ रुतलं. पहिली हौस ॲक्सिलरेटर दाबायची होते, माझीही झाली. काकाजी खिडकीवर हात मारून म्हणाले, "पाय उचल, खड्डा खोदून राहिला तू." बरोबर होतं. चाक फिरत राहिलं की ते खाली जातं आणि गाडीचं पोट मातीवर बसतं. मग ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. थांबायचं, उतरायचं, बघायचं. आम्ही चाकापुढचा आणि मागचा चिखल कुदळीनं ओढला, गोठ्यामागच्या तुराट्यांच्या दोन पेंढ्या चाकाखाली आडव्या दाबल्या, लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, टाकली आणि आलो त्याच चाकोरीतून हळूहळू मागं घेतली. मागं यायची वाट आपल्याच वजनानं दाबलेली असते, पुढची कोरी असते.

ट्रॅक्टर लावायची वेळ आलीच तर दोर कंपनीनं दिलेल्या हुकालाच बांधा. बंपर, ॲक्सल, सस्पेन्शनचा दांडा यांना अजिबात नाही. ताणलेला दोर किंवा साखळी तुटली तर माणूस जातो, म्हणून बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करा. हूक कुठे आहे, हे गाडी सुरू करण्याआधीच विचारून घ्या; चिखलात गुडघ्यावर बसून शोधायची ती गोष्ट नाही.

बिघाड वाटतो, पण नसतो

लो रेंज पडत नाही, म्हणून लोक बटण दाबत बसतात. बहुतेक गाड्यांत गाडी थांबवून, ब्रेकवर पाय ठेवून, गिअर न्यूट्रलला आणावा लागतो. उतारावर वेग आवरणारी यंत्रणा चालू असेल तर खालून घरघर येते आणि पेडल थरथरतं. तो ब्रेक स्वतः काम करतो आहे. एअर सस्पेन्शननं उचललेली गाडी वेग वाढताच आपोआप खाली बसते, तेही ठीकच. डिफरन्शियल लॉक, म्हणजे चाकांना एकाच वेगानं फिरायला लावणारं कुलूप, मात्र कोरड्या डांबरावर लावून वळू नका. चाकं एकमेकांना ओढतात, गाडी अडखळते आणि आतल्या दात्यांवर जोर येतो. मर्सिडीज जी-क्लासला असे तीन लॉक असतात. मधला, मग मागचा, मग पुढचा, या क्रमानं लावायचे आणि चिखल संपला की सोडायचे.

रपट्यावर परीक्षा घेऊ नका

डिफेंडरची पाण्यात उतरायची मर्यादा ९०० मिलिमीटर, टोयोटाच्या 'लँड क्रूझर ३००' या मॉडेलची आणि जी-क्लासची प्रत्येकी ७०० मिलिमीटर. हे आकडे संथ पाण्यात, माणसाच्या चालीनं जाण्यासाठी आहेत. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठ्यातली मोठी एसयूव्ही बाजूला सरकवू शकतं आणि रपट्याची, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाची, कड गढूळ पाण्याखाली दिसत नाही. टेस्ट ड्राइव्हच काय, घरी आजारी माणूस असला तरी पाणी उतरेपर्यंत थांबा. साचलेल्या पाण्यात उतरायचंच असेल तर आधी काठी टाकून तळ बघा, आणि बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवा.

घरातली माणसं बसवून पाहा

आजीला चढवून बघायचं माझ्या डोक्यात नव्हतं, काकूंच्या होतं. आजीनं लुगड्याचा ओचा एका हातात धरला, दुसऱ्या हातानं दारातली मूठ पकडली, पाय उचलला आणि तो पायरीपर्यंत पोचला नाही. गाडी सस्पेन्शननं खाली बसवली तरी फरक दोन इंचांचा. लाकडी पाट ठेवल्यावर आजी बसली. घरात म्हातारी माणसं असतील तर ही चाचणी चिखलाइतकीच मोलाची. जमलं तर दुसरी चक्कर वैशाखात, दुपारी दोन वाजता मारा आणि स्वतः तिसऱ्या रांगेत बसा. पारा ४५ ला टेकतो तेव्हा मागच्यांना एसी पुरतो का, ते पुढच्या सीटवर कळत नाही.

डिझेलची घेत असाल तर रोजचा फेरा किती, याचाही विचार करा. घर ते बाग तीन किलोमीटर आणि परत, एवढंच चालवलं तर धुराचा फिल्टर तापून साफ व्हायला वेळच मिळत नाही आणि दिवा लागतो. अधूनमधून हायवेवर लांब पळवावी लागते. ॲडब्लूची, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, टाकी रिकामी झाली तर इंजिन पुन्हा चालू होत नाही, म्हणून एक कॅन घरी ठेवा.

परतताना मी काटोलपर्यंत सोबत गेलो. डांबराला लागून ऐंशीचा वेग झाला, तशी स्टेअरिंग थडथडायला लागली. शोरूमच्या मुलाचा चेहरा उतरला; त्याला वाटलं अलाइनमेंट गेली. काटोलला वॉशिंग सेंटरवर पाइप रिमच्या आतल्या बाजूनं मारायला लावला. मागच्या डाव्या चाकातून भाकरीएवढी काळ्या मातीची ढेप निघाली, वाळून दगड झालेली. उरलेल्या तीन चाकांतूनही थोडी थोडी निघाली. पुन्हा ऐंशीला नेली, तेव्हा स्टेअरिंग स्थिर होती.