लँडस्केप फोटोला जाण्याआधी उजेडाचं गणित कसं मांडायचं

लँडस्केपचे फोटो काढायचे म्हणलं की आपण आधी जागा ठरवतो, मग सुट्टी कधी मिळते ते बघतो आणि शेवटी मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ बघून निघतो. मी पण कित्येक वर्षं हेच करायचो. एकदा एका दरीतल्या तळ्यावर असाच गेलो होतो, सूर्यास्त सहा चाळीसचा दाखवत होता म्हणून आरामात सहाला पोचलो, आणि बघतो तर अख्खं तळं सावलीत, ऊन कधीच पश्चिमेच्या डोंगरामागे गेलेलं. वेळ चुकीची नव्हती. ती सपाट क्षितिज धरून काढलेली असते, तुमच्यासमोर डोंगर उभा आहे हे त्या आकड्यात नसतं. तेव्हापासून मी सूर्यास्त किती वाजता हे सगळ्यात शेवटी बघतो, आधी बघतो की या जागेवर ऊन कुठल्या बाजूने येतं, किती उंचीवरून येतं आणि वर्षातल्या कुठल्या दिवसांत येतं.

सुरुवात जागेच्या तोंडापासून करा. कडा असेल, धबधबा असेल, झाडांची रांग असेल, तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळ, पश्चिमेकडे असेल तर संध्याकाळ, एवढं सगळ्यांनाच कळतं, पण उत्तरेकडे तोंड असलेल्या सरळसोट कड्यावर उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत थेट ऊन पडतच नाही, कारण त्या काळात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. म्हणजे हिवाळ्यात अशा ठिकाणी तुम्ही चार वेळा गेलात तरी चारही वेळा सावलीच मिळणार, नशिबाला दोष देण्यात काही अर्थ नाही.

सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून फक्त दोनदा, २० मार्चच्या आसपास आणि २२-२३ सप्टेंबरला. बाकी वर्षभर तो सरकत असतो, आणि तुम्ही विषुववृत्तापासून जितके लांब तितका जास्त सरकतो. २० अक्षांशावर जून आणि डिसेंबरच्या टोकाला (म्हणजे २१ तारखेच्या आसपास, सूर्य सगळ्यात उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो तेव्हा) तो पूर्वेपासून साधारण २५ अंश बाजूला उगवतो, ५० अक्षांशावर हाच आकडा ३८ अंशांच्या आसपास जातो. दोन्ही टोकं धरली तर ५० ते ७६ अंशांचा फरक झाला, एवढ्यात फोटो पूर्ण बदलतो, जूनमध्ये दोन डोंगरांच्या खिंडीतून उगवणारा सूर्य डिसेंबरमध्ये तुमच्या फ्रेममध्येच नसतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमधला हॉर्सटेल धबधबा. एल कॅपिटन कड्याच्या पूर्वेकडच्या बाजूला आहे, एरवी बारीकशी धार, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून शेवटापर्यंतच्या काही संध्याकाळी मावळतं ऊन अशा कोनात येतं की फक्त तेवढी धार पेटल्यासारखी केशरी दिसते आणि बाजूचा कडा अंधारात जातो. गेलन रॉवेल या फोटोग्राफरने १९७३ मध्ये काढलेल्या फोटोमुळे ही गोष्ट जगभर माहीत झाली. आता गंमत बघा, सूर्य ऑक्टोबरमध्येही जवळपास त्याच जागी मावळतो, कारण डिसेंबरच्या टोकाच्या जितके दिवस अलीकडे तितकेच पलीकडे गेलं की सूर्याची जागा तीच येते, पण ऑक्टोबरमध्ये धबधब्याला बहुतेक वेळा पाणीच नसतं. ही जोडी लक्षात ठेवा, खूप कामाची आहे. तुमच्या आवडत्या जागेची तारीख हुकली तर टोकाच्या पलीकडे तितकेच दिवस मोजा, उजेडाचा तोच कोन परत मिळतो, फक्त पाणी, गवत, बर्फ त्या मोसमात कसं असेल ते वेगळं तपासायला लागतं.

हे सगळं हाताने काढायची गरज नाही. फोटोपिल्स किंवा फोटोग्राफर्स इफेमेरिससारखं कुठलंही अ‍ॅप नकाशावर सूर्याच्या उगवतीची आणि मावळतीची रेघ काढून देतं, तारीख पुढेमागे सरकवायची आणि रेघ हवी तिथे आली की ती तारीख लिहून ठेवायची. गूगल अर्थमध्येही सूर्याचा उजेड चालू करून डोंगराची सावली कशी सरकते ते ढोबळ बघता येतं. पण एकदा दुपारी जागेवर जाऊन उभं राहणं मला अजूनही सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण समोरचं झाड किंवा छोटा उंचवटा नकाशात दिसत नाही.

जागेवर गेलात की मूठ वापरा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आडवी साधारण १० अंश भरते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे विषुववृत्ताजवळ जिथे तो जवळपास सरळ खाली उतरतो तिथे एक मूठ म्हणजे ४० मिनिटं, आणि ५० अक्षांशावर तो तिरका उतरतो म्हणून मार्च-सप्टेंबरच्या दिवसांतही तासाभराहून थोडं जास्त. पश्चिमेचा डोंगर क्षितिजापासून अर्धी मूठ वर असेल तर सूर्यास्ताच्या वेळेतून २० मिनिटं ते अर्धा तास सरळ वजा करा. माझ्या त्या तळ्यावरचा डोंगर मूठभर होता, आधी मोजला असता तर पाचलाच पोचलो असतो.

गोल्डन अवरचंही, म्हणजे सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासच्या सोनेरी उजेडाचंही तसंच. ढोबळमानाने सूर्य क्षितिजाच्या ६ अंश वर असल्यापासून ४ अंश खाली जाईपर्यंतचा वेळ धरतात, म्हणजे पुन्हा एक मूठच. नावात तास आहे म्हणून तास मिळेलच असं नाही, कुठे ४० मिनिटं मिळतात आणि उत्तरेकडे उन्हाळ्यात हा उजेड खूप लांबतो. त्यानंतर साधारण ४ ते ६ अंश खाली ब्लू अवर, म्हणजे निळसर उजेडाचा वेळ, तो तर अजून छोटा, त्यात लेन्स बदलत बसलात तर गेलाच समजा.

कोन कळला की उजेड कशासाठी हवाय ते ठरवा. पाठीमागून ऊन घेऊन काढलेला फोटो रंगाला चांगला पण सपाट दिसतो. मला स्वतःला बाजूने येणारं ऊन सगळ्यात आवडतं, वाळूच्या लाटा, नांगरलेलं शेत, खडकाचा खडबडीतपणा हे सगळं त्याच उन्हात उठून येतं कारण प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली मिळते. समोरून येणारं ऊन धुकं, गवत आणि पानांना छान, फक्त लेन्सवर ऊन पडू देऊ नका, हाताने किंवा टोपीने आडोसा करा. पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) लावणार असाल तर सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त असतो, म्हणून खूप वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सवर आकाशात मध्येच एक गडद पट्टा येतो, तो नंतर काढताना नाकी नऊ येतात.

आता ढग. यात अंदाज शंभर टक्के कधीच येत नाही पण डोळे झाकूनही जायला नको. रंग पकडतात ते उंचावरचे पातळ ढग, खालचे जाड ढग आले की सगळं राखाडी. आणि फक्त डोक्यावरचे ढग बघून चालत नाही. १० किलोमीटर उंचीवरच्या ढगाला खालून येणारं शेवटचं ऊन जवळपास ३५० किलोमीटर लांबच्या क्षितिजावरून येत असतं, तिकडे ढगांची भिंत असेल तर तुमच्या डोक्यावर कितीही सुंदर पिंजलेले ढग असू देत, रंग येत नाही. म्हणून संध्याकाळच्या फोटोसाठी सॅटेलाइटच्या चित्रात पश्चिमेकडे लांबपर्यंत बघा, सकाळसाठी पूर्वेकडे. दिवसभर पाऊस पडून संध्याकाळी सूर्याच्या बाजूला फट पडायला लागली तर हातातलं काम सोडून निघा, हवा धुतलेली असते आणि ढगही असतात, माझे सगळ्यात चांगले फोटो अशाच दिवसांचे आहेत. इंद्रधनुष्यही तेव्हाच दिसतं, सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, पण सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर जमिनीवरून ते दिसत नाही, म्हणून भर दुपारी शोधण्यात वेळ घालवू नका. धुकं हवं असेल तर निरभ्र रात्र, वारा पडलेला आणि आदल्या दिवशीची ओल, हे तिन्ही जमलं की पहाटे दरीच्या वर जाऊन थांबा.

ढगाळ दिवस वाया गेला असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जंगल आणि धबधबा यांना तोच उजेड हवा, उन्हात जंगल म्हणजे नुसते पांढरे काळे ठिपके. फक्त राखाडी आकाश फ्रेममधून काढून टाका. दुपारचं ऊनही अगदीच टाकाऊ नाही, उथळ पाण्याचा हिरवा निळा रंग वरून ऊन आलं की उघडतो.

चंद्र घ्यायचा असेल तर पौर्णिमेपेक्षा आदला दिवस चांगला. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, तो जरा वर येईपर्यंत जमीन काळी पडते आणि चंद्र पांढराफटक होतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे आदल्या दिवशी तो सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो आणि डोंगरावर अजून ऊन असतं, दोन्हीचं एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) एका फ्रेममध्ये बसतं. समुद्रकिनारा असेल तर भरती-ओहोटीचा तक्ता पण बघा, खडक उघडे पडणारी ओहोटी आणि सूर्योदय एकाच वेळी येतील असे दिवस महिन्यात मोजकेच असतात.

प्रत्यक्ष दिवशी सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी पोचा, ट्रायपॉड लावा, फ्रेम पक्की करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स (रंग किती पिवळे-निळे दिसायचे ते ठरवणारं सेटिंग) डेलाइटवर ठेवा, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो केशरीपणाच कमी करून दाखवतो आणि जागेवर बघताना फसायला होतं. आकाश आणि जमिनीतला फरक जास्त असेल तर ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) लावा नाहीतर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो काढून नंतर एकत्र करा. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात) उजवीकडची टोकं कापली जात नाहीत ना ते बघत राहा.

मधूनमधून मागे वळून बघायला विसरू नका. सगळे पश्चिमेकडे कॅमेरा लावून असतात तेव्हा पूर्वेला क्षितिजावर निळसर करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा चढतो, तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, आणि त्या गुलाबी उजेडात लांबचे डोंगर फार मऊ दिसतात. सूर्य गेल्यावर अर्धा तास तरी सामान आवरू नका, वरच्या ढगांना रंग बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, तोपर्यंत निम्मे लोक गाडीत बसलेले असतात. निघताना तारीख, ऊन नक्की किती वाजता गेलं आणि कुठल्या कड्यामागे गेलं एवढं फोनमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच जागेचं निम्मं काम झालेलं असतं.