घरचा डीबी बदलताना अर्थिंगही करून घ्या

जुना फ्यूजचा बोर्ड काढून एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारा बोर्ड, बसवला की घर सुरक्षित झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचेलच असं नाही. हिशेब करून बघा. गीझरच्या पत्र्यात करंट उतरला आणि अर्थिंगच्या, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या, रॉडचा रोध 5 ओहम असला, तर 230 व्होल्टला जमिनीत फार तर 46 अँपिअर जातील. 16 अँपिअरच्या सी-टाइप एमसीबीला झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. ती पडत नाही तोवर पत्र्यात करंट खेळत राहतो! म्हणून डीबीत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

आधी घरातल्या उपकरणांची यादी करा आणि गीझर, एसी यांना स्वतंत्र सर्किट ठेवा. एमसीबी वायरच्या जाडीवरून ठरते: दिव्यांच्या 1.5 चौरस मिमी वायरला 10 अँपिअर, सॉकेटच्या 2.5 ला 16. सारखी ट्रिप होते म्हणून मोठी एमसीबी टाकू नका.

मग अर्थिंग. ओल टिकते अशा जागी रॉड खोल ठोकून घ्या. तिथून जाड हिरवी वायर डीबीतल्या अर्थ बारवर आणा. प्रत्येक सॉकेटची हिरवी वायर त्याच बारवर आली पाहिजे, पाण्याचे धातूचे पाइपही जोडून घ्या. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून वेळ मारून नेणारे भेटतात. त्यांना तिथेच थांबवा. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर फ्रिजच्या दारालाही शॉक बसेल.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरींत वीज असतेच, त्यामुळे पुरवठा मागूनच तोडून घ्यावा लागतो. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासावा, मग बंद वायरीवर लावावा आणि पुन्हा चालू सॉकेटवर.

काम चालू असताना स्क्रूकडे लक्ष ठेवा. वायर भोकात बसत नाही म्हणून दोन-चार तारा छाटल्या जातात. मग तिथे वायर तापते आणि काही महिन्यांत तिथलंच इन्सुलेशन तपकिरी पडतं. आरसीसीबीतून गेलेल्या सर्किटांच्या न्यूट्रल तिच्याच न्यूट्रल बारवर घ्या, नाहीतर ती विनाकारण पडत राहील.

शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती लगेच पडली पाहिजे. मात्र हे बटण अर्थिंग नसतानाही काम करतं. त्यामुळे अर्थ टेस्टरने रॉडचा रोध मोजून घ्या आणि आकडा तारखेसह डीबीच्या दाराच्या आतून चिकटवा.